वर्गातील रीत आणि विद्यार्थ्याचे चारित्र्य : मराठी साहित्यातील काही शिक्षकांच्या अध्यापनशैलीचा विचार

प्रास्ताविक

शिक्षक विद्यार्थ्याचे चारित्र्य घडवितो, हे विधान आपल्याकडे इतक्या व्यासपीठांवरून केले गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. ५ सप्टेंबरच्या भाषणांत ते येते, निरोपसमारंभाच्या मानपत्रात येते, आणि पदवीच्या वर्गातील विद्यार्थी 'माझे आदर्श शिक्षक' या विषयावर लिहू लागला की पहिल्याच परिच्छेदात येते. शिक्षक नेमके काय करतो म्हणून चारित्र्य घडते, हा प्रश्न मात्र या सर्व ठिकाणी अनुत्तरित राहतो. तो चांगले सांगतो म्हणून, की चांगला वागतो म्हणून, की चांगले शिकवितो म्हणून? ही तीन उत्तरे आपण सरसकट एकच मानतो. वस्तुतः ती वेगवेगळी आहेत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील शाळांमधून मूल्यशिक्षण रुजू झाले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता अशी मूल्ये निश्चित करण्यात आली व परिपाठात त्यांना स्थान मिळाले. त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मूल्य हा सांगण्याचा विषय आहे, आणि तो सांगितला की विद्यार्थ्यात उतरतो, असे एक गृहीत त्या योजनेच्या मुळाशी होते. प्रस्तुत लेखात याच गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५), व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५), पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधील 'चितळे मास्तर' हे व्यक्तिचित्र, वसंत कानेटकर यांचे 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) हे नाटक आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे आत्मकथन, एवढ्याच कृती विचारात घेतल्या आहेत. मराठीत शिक्षक-विद्यार्थी संबंधांवर याहून पुष्कळ लिहिले गेले आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी. येथे निवड केली आहे ती शिकविण्याची क्रिया ज्यांत दिसते किंवा जाणीवपूर्वक दिसत नाही, अशा कृतींची.

ललित साहित्य हा शैक्षणिक पुरावा होऊ शकतो काय, असा आक्षेप शिक्षणशास्त्राचे अभ्यासक घेतील. तो काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु शिक्षकाने काय दिले याची नोंद शाळेच्या दप्तरात होत नाही. ती वीस-तीस वर्षांनी विद्यार्थ्याच्या स्मरणात सापडते, आणि साहित्य हे या स्मरणाचे सर्वांत विश्वासू भांडार आहे. त्यात एक उणीव मात्र आहे, ती आरंभीच सांगितलेली बरी. लिहितात ते शाळेत टिकलेले विद्यार्थी. जे गळाले त्यांच्या शिक्षकांविषयीचा ग्रंथ कोणी लिहिलेला नाही.

शैली म्हणजे काय?

अध्यापनशैली म्हटले की व्याख्यान पद्धती, प्रश्नोत्तर पद्धती, प्रकल्प पद्धती अशी वर्गवारी अध्यापक महाविद्यालयांत शिकविली जाते. ती पद्धतींची वर्गवारी आहे. एकाच पद्धतीने शिकविणाऱ्या दोन शिक्षकांची शैली सर्वस्वी भिन्न असू शकते. विद्यार्थी चुकला तर शिक्षक काय करतो, गप्प राहिला तर किती वेळ थांबतो, मागे पडलेल्या मुलाला वर्गात कोणती जागा देतो, आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ती कशी कबूल करतो, वहीत आणि हजेरीपटात काय लिहितो, या सर्वांतून जी रीत तयार होते तिला येथे शैली म्हटले आहे. ही रीत शिकविण्याच्या विषयाहून निराळी असते. म्हणूनच विषय विसरल्यावरही ती उरते. अमेरिकन अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये 'लाइफ इन क्लासरूम्स' या ग्रंथात वर्गातील ज्या न लिहिलेल्या पाठांकडे लक्ष वेधले आणि ज्यांना पुढे छुपा अभ्यासक्रम हे नाव रूढ झाले, त्यांच्याशी या रीतीचे जवळचे नाते आहे.

येथे एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख आवश्यक वाटतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी आयोवा विद्यापीठात दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे बनविण्यासारखी कामे दिली व त्याचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. गटप्रमुख प्रौढांनी कोठे हुकूमशाही, कोठे लोकशाही, तर कोठे मोकाट सोडून देण्याची रीत वापरली. हुकमी रीतीच्या गटात प्रमुख समोर असेपर्यंत काम जोमाने चाले. तो खोलीबाहेर गेला की ते मंदावे. लोकशाही रीतीच्या गटात तो नसतानाही काम सुरू राहत असे. हुकमी गटांतील काहींत मुले आपल्यातीलच एखाद्याला लक्ष्य करीत. या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट अशी की प्रमुख व्यक्ती आलटून-पालटून वेगवेगळ्या रीती वापरत होत्या. म्हणजे फरक पडला तो माणसाच्या सात्त्विकतेमुळे नव्हे, तर त्याच्या रीतीमुळे. प्रयोग लहान होता, परदेशातील होता, आणि त्यावरून मराठी शाळेविषयी सिद्धान्त मांडणे धाडसाचे ठरेल. तरी शिक्षक खोलीबाहेर गेल्यावर काय होते, ही कसोटी आपल्याही उपयोगाची आहे. चारित्र्याचा प्रश्न त्या क्षणीच सुरू होतो.

कृती आधी, वाक्य नंतर

'श्यामची आई'मधील शिक्षक ही शाळेतील व्यक्ती नाही. परंतु हे पुस्तक लिहिणारा माणूस शिक्षक होता, हे विसरून चालणार नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेल्या वस्तू जागेवर लावून ठेवणे ही कामे ते न बोलता करीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. पुस्तकाची रचना पाहिली तरी तिच्यात छात्रालयाचा संस्कार दिसतो : रात्री मित्र जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री.

या पुस्तकाविषयी बोलताना आपण आईची वाक्ये उद्धृत करतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, या आशयाचे तिचे सांगणे तर पिढ्यान्पिढ्या सुविचाराच्या फळ्यावर लिहिले गेले. परंतु प्रसंगाचा क्रम नीट पाहिला पाहिजे. न्हाऊन झालेला श्याम ओले पाय मातीत टेकवायला तयार नसतो. आई त्याला हट्टी म्हणते, पण त्याचे ऐकते. आपल्या लुगड्याचे ओचे ती दगडावर पसरते, त्यावर तो पाय ठेवतो, आणि त्यानंतर ती ते वाक्य बोलते. म्हणजे मुलाच्या क्षुल्लक, काहीशा हास्यास्पद आग्रहाचा तिने आधी मान राखला आहे. ओले लुगडे तिला पुढे काही काळ अंगावर वागवायचे आहे. वाक्याला जे वजन आले ते त्या ओल्या लुगड्याचे. फळ्यावर लिहिताना आपण लुगडे वगळतो आणि वाक्य ठेवतो. मूल्यशिक्षणाच्या बऱ्याच तासिकांचे अपयश या वगळण्यात आहे, असे मला वाटते.

याच आईने श्यामला मारलेही आहे. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या मुलाला ती शिंपटीने फोडून काढते. आजच्या दृष्टीने या प्रसंगाचे समर्थन करता येणार नाही, आणि गुरुजींनीही तो गोड करून सांगितलेला नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की मार देणारी व्यक्ती नंतर मुलाजवळ बसते, आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही तिची व्यथा त्याला कळते. मार आणि स्पष्टीकरण एकाच हाताचे आहेत. शाळेतल्या छडीला हा दुसरा भाग क्वचितच असे.

हसण्याचा वर्ग

'चितळे मास्तर' हे व्यक्तिचित्र वाचताना प्रथम जाणवते ते हे की पु. लं.नी मास्तरांच्या तोंडी जवळजवळ एकही उपदेश घातलेला नाही. मास्तर मुलांची थट्टा करतात, त्यांना टोपणनावे देतात, धडा शिकविताना नट होतात, आणि चपला शाळेत विसरून घरी जातात. छडीवर त्यांचा भरवसा नाही. मागे पडलेल्या मुलांना ते घरी बोलावून शिकवितात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. ही शेवटची गोष्टही पु. ल. गौरवाच्या सुरात सांगत नाहीत. ती मास्तरांच्या विसराळूपणासारखीच एक सवय म्हणून येते. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील बरीचशी माणसे आपल्या तऱ्हेवाईकपणामुळे स्मरणात राहतात. चितळे मास्तर राहतात ते त्यांच्या वर्गामुळे.

या वर्गातून विद्यार्थ्यांना काय मिळाले? विद्वत्ता मिळाल्याचा दावा निवेदक करीत नाही. त्यांना मिळाली ती चुकण्याची मुभा. चितळे मास्तरांच्या वर्गात चुकीचे उत्तर हा हशाचा विषय होतो, परंतु त्या हशात चुकणाराही सामील असतो. कारण थोड्या वेळाने थट्टेचा रोख दुसऱ्यावर, आणि मग स्वतः मास्तरांवर वळणार आहे हे त्याला ठाऊक असते. थट्टा सर्वांना सारखी वाटली जाते. ज्या वर्गात चुकण्याची भीती नसते तेथे मूल खोटे बोलायला शिकत नाही, इतका साधा हा संबंध आहे. प्रामाणिकपणा हे मूल्य परिपाठात ठेवावे लागते ते बहुधा गणिताच्या तासाला ते शिल्लक राहिलेले नसते म्हणून.

तरीही या चित्राकडे भाबडेपणाने पाहता येणार नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. मास्तरांचे खोचक शेरे आज एखाद्या शिक्षकाने जसेच्या तसे वापरले तर ते या कलमाच्या कक्षेत येतील काय? काही येतीलही. टोपणनाव जिव्हाळ्याचे आहे की अपमानाचे, हे देणारा ठरवीत नाही, घेणारा ठरवितो. आणि चितळे मास्तरांचा वर्ग हा सामाजिकदृष्ट्या बराचसा एकजिनसी वर्ग आहे. तेथील मुले परस्परांच्या घरी जेवलेली आहेत. जात, रंग, भाषा यांच्या भिंती असलेल्या वर्गात तीच थट्टा समान वाटली जात नाही. ती उतरणीने खालच्या बाकाकडे वाहते. म्हणून या व्यक्तिचित्रातून उचलावयाचे ते मास्तरांचे विनोद नव्हेत. पहाटेची ती फुकट शिकवणी उचलावी. व्यक्तिचित्राच्या अखेरीस मास्तरांच्या झिजलेल्या चपला निवेदकाच्या नजरेस पडतात; सर्व हास्य तेथे थांबते, आणि आपण ज्या माणसावर इतका वेळ हसत होतो तो मुलांसाठी किती चालला होता, हे वाचकास उमगते.

पाठ नसलेला आदर्श

याच दशकातील 'अश्रूंची झाली फुले' हे नाटक मराठी रंगभूमीवरील सर्वांत लोकप्रिय शिक्षकनाटक होय. प्रभाकर पणशीकरांचे प्रा. विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांनी एक पिढी भारून टाकली. विद्यानंद हे ध्येयवादी शिक्षक. गुंड वृत्तीचा विद्यार्थी लाल्या त्यांच्या सहवासात बदलतो. विद्यानंद खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातात, सूडाने पेटून गुन्हेगारीच्या मार्गाला लागतात, आणि पोलीस अधिकारी झालेला लाल्या त्यांच्यासमोर उभा राहतो. कल्पना विलक्षण आहे. शिक्षक ढासळला तरी त्याने घडविलेले चारित्र्य ढासळत नाही, हा विचार त्यात आहे आणि तो साधा नाही.

परंतु समीक्षकाच्या दृष्टीने नाटकातील पोकळी याच ठिकाणी आहे. विद्यानंद कसे शिकवितात हे आपल्याला कळत नाही. शिकविण्याची क्रिया नाटकात जवळजवळ अनुपस्थित आहे. लाल्याचे परिवर्तन घडते ते विद्यानंदांच्या चांगुलपणाच्या प्रभावाने, आणि प्रभाव म्हणजे काय हे सांगण्याची जबाबदारी संवादांच्या आवेशावर आणि नटांच्या सामर्थ्यावर सोपविली जाते. याचा परिणाम असा की चारित्र्य हे थोर व्यक्तीकडून संसर्गाने येते, अशी समजूत दृढ होते. ही समजूत शिक्षकाला गौरवास्पद आणि सोयीची आहे. गौरवास्पद अशासाठी की त्याला देवत्व मिळते; सोयीची अशासाठी की त्याला आपली तासिका तपासावी लागत नाही. आपल्या गुणगौरव समारंभांची भाषा आजही चितळे मास्तरांपेक्षा विद्यानंदांची आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नाटकाने मात्र नकळत एक सत्य सांगितले आहे : विद्यानंदांना उद्ध्वस्त करते ती संस्था. शिक्षकाची शैली संस्थेच्या छताखाली जगते किंवा मरते. याकडे पुढे वळू.

वाडीने शिकविलेला मास्तर

माडगूळकरांची 'बनगरवाडी' या सर्व कृतींत वेगळी आहे, कारण तिच्यातील शिक्षक कोणाचेही चारित्र्य घडविण्याचा आव आणत नाही. औंध संस्थानच्या मुलखातील धनगरवस्तीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर रुजू होतो तेव्हा शाळा नावापुरतीही चालू नसते. मुले मेंढरांमागे जातात. घरच्यांच्या दृष्टीने तेच त्यांचे शिक्षण आहे. कारभाऱ्याला पटवावे लागते, त्याच्या शब्दावर मुले येतात. आणि शाळा सुरू झाल्यावर मास्तरचा बराचसा वेळ शाळेबाहेरच्या कामांत जातो : कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाचे तालुक्याच्या गावचे काम करून यायचे, कोणाची भांडणे ऐकून घ्यायची. अंजीची चोळी शिवून आणण्यासारख्या सरळ कामातून गैरसमज उभा राहतो आणि कारभारी दुरावतो. दादू बालट्यासारखा माणूस वैर धरतो. आयबू सोबत करतो.

या कादंबरीत शिकविण्याची जी शैली दिसते तिला नाव देणे कठीण आहे. मास्तर ऐकतो, पाहतो, घाबरतो, आणि घाबरला तरी निघून जात नाही. त्याच्या भोवतालची माणसे त्याच्याहून अनुभवी आहेत हे त्याने पहिल्या दिवसापासून ओळखले आहे. वाडीने मिळून बांधलेली तालीम हे त्याचे म्हणावे असे एकमेव यश, आणि ते शाळेच्या खोलीबाहेरचे आहे. हातांचे श्रम, एकमेकांवरचा विश्वास, आपल्या वाडीत आपण काही उभारले याचा अभिमान : श्रमप्रतिष्ठेचा पाठ यापेक्षा वेगळा कोणता असेल? मात्र कादंबरीकार तेथेच थांबत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. ज्यांचे चारित्र्य घडवायचे ती मुलेच उरत नाहीत. शिक्षकाच्या सामर्थ्याची ही मर्यादा मराठीत इतक्या निर्विकारपणे दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही. ऊसतोडीच्या हंगामात पटावर नाव असलेली पण बाकावर नसलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठवाड्यातील शिक्षकांना बनगरवाडीचा शेवट जुना वाटणार नाही.

सहलीवरील निबंध

आतापर्यंतच्या चारही कृतींत शिक्षक, आई धरून, मुलाच्या बाजूचा आहे. 'अक्करमाशी'मध्ये तसे गृहीत धरता येत नाही, आणि म्हणूनच शैली आणि चारित्र्य यांचा संबंध तेथे अधिक उघडा पडतो.

शाळेची सहल निघते. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसतात, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. शिक्षक पहिल्या झाडाखाली असतात. जेवणानंतर उरलेले अन्न दुसऱ्या झाडाखालच्या मुलांकडे येते; ते घेताना झालेली झटापट आणि घरी गेल्यावर आईने आपल्यासाठी काही आणले नाहीस का असे विचारणे, हे लिंबाळे यांनी सांगितलेले तपशील वाचकाला अस्वस्थ करून सोडतात. परंतु अध्यापनशैलीच्या दृष्टीने महत्त्वाची घटना दुसऱ्या दिवशीची आहे. गुरुजी वर्गाला सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला सुरुवात करता येत नाही.

या एका गृहपाठाचा विचार अध्यापक महाविद्यालयांत एक संपूर्ण तासिका व्हावा. पद्धतीच्या दृष्टीने गुरुजींचे काहीच चुकलेले नाही. अनुभवावर लिहायला सांगणे ही भाषाशिक्षणातील उत्तम रीत; राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर आपण ज्ञानरचनावाद म्हणून जे सांगू लागलो त्यात ती सहज बसते. चूक पद्धतीत नाही, शैलीत आहे. वर्गात दोन सहली बसल्या आहेत आणि शिक्षकाला एकच दिसते. निबंधाचा जो नमुना त्याच्या मनात आहे त्यात झाड, ऊन, वारा, डबे आणि आनंद आहे. दुसऱ्या झाडाखालच्या मुलापुढे मग दोनच मार्ग उरतात : खोटा निबंध लिहावा किंवा कोरा कागद द्यावा. पहिला मार्ग घेणाऱ्याला गुण मिळतात. खोटेपणा, गप्प राहणे, स्वतःच्या घराची लाज, हे सर्व त्या तासाला शिकविले गेले. शिकविणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. शनिवारी शाळा शेणाने सारविण्याचे काम याच मुलाकडे येते. श्रमप्रतिष्ठा हा शब्द अशा वर्गात कोणी उच्चारला तर त्याचा अर्थ दोन बाकांवर दोन होतो.

याच संदर्भात 'श्यामची आई'मधील एक प्रसंग पुन्हा वाचावा. मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठविते आणि मग आंघोळ करायला सांगते. १९३५ च्या वाचकाला मदत दिसली. 'अक्करमाशी'नंतरच्या वाचकाला आंघोळही दिसते. दोन्ही गोष्टी श्याम शिकला. हा गुरुजींच्या करुणेचा अधिक्षेप नव्हे. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा त्या आंघोळीचे उत्तर त्यांनी आपल्या परीने दिलेच.

'अक्करमाशी'त मात्र दुसराही एक शिक्षक आहे आणि त्याच्याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शाळेत नाव घालताना मुलाच्या बापाचे नाव काय, असा प्रश्न येतो. बाप पाटील. तो मुलाला आपला म्हणायला तयार नाही. मुख्याध्यापक हजेरीपटात त्याचेच नाव लिहितात. पाटील शाळेत येऊन लालूच दाखवितो, धमकावितो. मुख्याध्यापक ते नाव खोडत नाहीत. त्यांनी मुलाला स्वाभिमानावर व्याख्यान दिले नाही. कदाचित ते फार चांगले शिकवीतही नसतील. आत्मकथन त्याविषयी विशेष सांगत नाही. एका दप्तरी नोंदीवर ते ठाम राहिले, इतकेच. परंतु आपण अनाम नाही, हे त्या मुलाला शाळेने प्रथम लिहून दिले, आणि ते लेखनच पुढे आत्मकथनाचा गाभा झाले. शैलीच्या व्याख्येत वहीबरोबर हजेरीपटाचा समावेश आरंभी केला तो या प्रसंगासाठी.

छताचा प्रश्न

वरील कृतींमधील शिक्षकांना एक गोष्ट समान लाभली होती, ती म्हणजे वेळ. चितळे मास्तर एकाच शाळेत वर्षानुवर्षे होते, त्यामुळे कोणता मुलगा मागे पडतो आहे हे त्यांना ठाऊक होते. साने गुरुजींची अमळनेरची नोकरी उणीपुरी सहा वर्षांची, पण छात्रालयामुळे ते दिवसरात्र मुलांत होते. आज कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांतील वर्गांचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील शिक्षक सांभाळतात. त्यांना मोबदला तासाचा मिळतो, नेमणूक सत्रापुरती असते, आणि पुढच्या वर्षी आपण याच महाविद्यालयात असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. अशा शिक्षकाने कोऱ्या कागदाचे कारण विचारण्यासाठी विद्यार्थ्याला तासानंतर थांबवून घ्यावे, ही अपेक्षा करताना त्या थांबण्याची किंमत कोण देतो, हेही विचारले पाहिजे. नियमित सेवेतील आम्हा मंडळींची स्थिती आर्थिकदृष्ट्या सुरक्षित असली तरी मूल्यांकनाच्या तक्त्यात परिसंवाद, शोधनिबंध आणि समित्या यांना गुण आहेत. विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तर ऐकून घेण्याला नाहीत. प्रस्तुत लेखालाही त्या तक्त्यात जागा आहे, ही नोंद येथे वाचकाने हवी तर स्मितपूर्वक घ्यावी.

अध्यापक महाविद्यालयांतील पाठ निरीक्षणाच्या नमुन्यात प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, प्रबलन असे रकाने असतात. छात्राध्यापकाने किती प्रश्न विचारले हे निरीक्षक मोजतो. बरोबर उत्तरानंतर शाबासकी दिली काय हे पाहतो. त्याच नमुन्यात आणखी तीन जागा ठेवता येतील : चुकीचे उत्तर आल्यावर पुढची दोन मिनिटे काय घडले, शेवटच्या बाकावरच्या मुलाशी तासात किती वेळा बोलणे झाले, आणि दिलेला गृहपाठ वर्गातील कोणत्या मुलाला खरेपणाने लिहिता येणार नाही. यांपैकी तिसरी जागा भरणे सर्वांत अवघड जाईल, कारण ती भरण्यासाठी छात्राध्यापकाला सराव पाठाच्या आदल्या दिवशी वर्गात जाऊन मुले कोठून येतात हे विचारावे लागेल.